बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा? मॅनेजरला शिव्या घालण्याआधी काय बघावं

रामबागेतला_लेफ्टी

मंडळी, वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम लढतीच्या) जुन्या मॅचेस परत बघतोय आणि दोन निर्णय काही केल्या पचत नाहीत.

पहिला २०२० च्या सहाव्या मॅचमधला. टॅम्पा बे डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे. त्यांचा पिचर ब्लेक स्नेलचे फक्त ७३ पिच (चेंडू) झालेले, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट बेस) एकही नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट असताना दुसरा हिट पडला, मॅनेजर केव्हिन कॅशने लगेच त्याला बाहेर काढलं आणि मॅच ३-१ ने गेली. दुसरा २०२४ च्या पहिल्या मॅचमधला. दहाव्या इनिंगमध्ये यांकीज डॉजर्सविरुद्ध ३-२ ने पुढे. अ‍ॅरन बूनने (त्यांच्या मॅनेजरने) पिचर नेस्टर कोर्टेसला आणलं, जो १८ सप्टेंबरनंतर मॅच खेळलाच नव्हता. त्याने एकूण दोन पिच टाकले आणि दुसऱ्यावर फ्रेडी फ्रीमनने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला.

'मॅनेजर गाढव' हे तर सगळेच म्हणतात. पण निकाल झाकून ठेवला, तर असा निर्णय तपासायचा कसा? आणि पिचरने खरंच चांगलं टाकलं की नाही, ते स्कोअरकार्डावरून कसं ओळखायचं? त्याच २०२४ च्या पाचव्या मॅचमध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोलच्या एका इनिंगमध्ये पाच धावा गेल्या, पण त्याच्या खात्यावर एकही अर्न्ड रन (पिचरच्या दोषाने गेलेली धाव) नाही, हे कसं?

पलासिया_बुलपेन

क्रिकेटच्या डोळ्यांनी बघितलं की इथेच फसायला होतं. रणजी सामन्यात फिरकीपटू कुमार कार्तिकेयला सहा ओव्हरनंतर थांबवलं तरी चहापानानंतर दुसऱ्या टोकाने परत आणता येतं. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या मॅचपुरता संपला. म्हणून 'हा थकला का?' एवढंच विचारून भागत नाही. याच्या जागी कोण येणार, तो पुढच्या कोणत्या तीन बॅटरसमोर उभा राहणार, आणि मॅच लांबली तर मागे कोण उरतो, हे सगळं एकाच वेळी मोजावं लागतं.

'तीन बॅटर' हे उगाच म्हणत नाही. २०२० पासून नियमच आहे की आलेल्या रिलीव्हरने (बदली पिचरने) किमान तीन बॅटर खेळवायचे, नाहीतर ती अर्धी इनिंग संपवायची. दुखापत किंवा आजारपण असेल तरच सूट. आता कोर्टेसची गोष्ट या नियमातून बघा. एक आउट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, आणि समोर क्रमाने ओहतानी (डावखुरा), मुकी बेट्स (उजवा), फ्रीमन (डावखुरा). ओहतानीसाठी कोर्टेसला आणलं त्याच क्षणी फ्रीमनलाही तोच टाकणार हे ठरून गेलं. मुद्दाम दिलेला वॉकसुद्धा एक बॅटर धरला जातो, त्यामुळे बेट्सला फुकट बेस दिल्यावरही फ्रीमनच्या वेळी पिचर बदलता आला नसता. म्हणजे निर्णय एकच होता आणि तो तिघांचा होता.

यांकीजचा टिम हिल तेव्हा तयार होता. तोही डावखुरा, बाजूने हात फिरवून सिंकर टाकणारा, म्हणजे चेंडू जमिनीवर मारायला लावणारा. पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर आणि एकच आउट असताना डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. कोर्टेसचे चेंडू हवेत जास्त जातात. निकाल बाजूला ठेवूनही मी हिलला आणलं असतं. हातात असलेल्या दोघांपैकी एक महिनाभराहून जास्त मॅचबाहेर, आणि गरज ग्राउंडबॉलची.

गंमत अशी की कोर्टेसने ओहतानीला पहिल्याच पिचवर आउट केलं. फाउल (रेषेबाहेरच्या) बाजूला अ‍ॅलेक्स व्हर्दुगोने झेल घेतला आणि तो प्रेक्षकांत जाऊन पडला. झेल घेऊन क्षेत्ररक्षक मैदानाबाहेर पडला की रनरना एकेक बेस मिळतो. तसे दोघे दुसऱ्या-तिसऱ्यावर गेले, पहिला बेस रिकामा झाला आणि बेट्सला सोडून देण्याचा मोह झाला. तिन्ही बेस भरले की पिचरला वॉक परवडत नाही, स्ट्राइक टाकावाच लागतो, आणि फ्रीमनला हे माहीत असणारच. आतल्या बाजूचा फास्टबॉल आला, पुढचं सगळ्यांनी पाहिलंय.

स्नेलचं प्रकरण निराळं. कॅशचा तर्क तिसऱ्या फेरीचा होता. एकाच मॅचमध्ये बॅटर त्याच पिचरला तिसऱ्यांदा बघतो तेव्हा सरासरीने जास्त मारतो. पिचर थकलेला असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटरने त्याचा स्लायडर, कर्व्ह (वळणारे चेंडू) सगळं एव्हाना पाहिलेलं असतं. नियम म्हणून हे बरोबर आहे. पण सरासरी ही पर्याय समान असताना वापरायची. पुढचे तिघे, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्या दिवशी स्नेलसमोर ६ पैकी ६ वेळा स्ट्राइकआउट झाले होते. आणि जो आला त्या निक अँडरसनच्या आधीच्या सलग सहा प्लेऑफ मॅचमध्ये प्रत्येकी किमान एक धाव गेली होती. स्नेल थकला असेल-नसेल, अँडरसन थकलेला होता हे समोर दिसत होतं.

एक गोष्ट टीव्हीवर नीट दिसत नाही. बुलपेनमध्ये (बदली पिचरांच्या सरावाच्या जागी) गरम होताना रिलीव्हर पंधरा-वीस-पंचवीस चेंडू टाकतो. मॅचमध्ये आणला नाही तरी ते हातातून गेलेले असतात, आणि स्कोअरकार्डात त्यांची नोंद कुठेच नसते. 'दोन दिवस विश्रांती झालीय' असं कागदावर दिसणारा पिचर दोन्ही दिवशी गरम होऊन बसलेला असू शकतो. म्हणून निर्णय तपासताना मागच्या तीन दिवसांत कोण किती वेळा गरम व्हायला उठला, हे समालोचनातून टिपून ठेवा.

सराफा_अकरा_वाजता

भिया, हिलबद्दल मान्य. पण 'तिसरी फेरी' हा पुस्तकी किडा आहे म्हणून उडवून लावू नका. प्लेऑफमध्ये नेहमीचा हिशेब उलटतो तो माणसं बघून. २०२५ ची सातवी मॅच घ्या. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने ओहतानीपासून सुरुवात करून रोब्लेस्की, ग्लासनाउ, शीहान, स्नेल (हो, तोच स्नेल!) आणि शेवटी यामामोटो असे सहा पिचर वापरले. यामामोटोने आदल्या दिवशी ९६ पिच टाकले होते, तरी सातव्या मॅचमध्ये शेवटचे आठ आउट त्यानेच काढले, आणखी ३४ पिच टाकून. जूनमध्ये असं कुणी केलं तर त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवतील. पण तिथे उद्याची मॅचच नव्हती, आणि नेहमीच्या रिलीव्हरांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. यामामोटोवर मॅच पलटली असती तर हेच लोक 'हात मोडला पोराचा' म्हणून ओरडले असते.

माझा हिशेब: १६२ मॅचच्या सीझनमध्ये मॅनेजरला पिचर जपण्याचे गुण द्या, ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये समोरच्या तीन बॅटरचे.

स्कोअरवही_लोकमान्यनगर

कोलच्या प्रश्नाकडे येतो. पाचव्या मॅचमध्ये यांकीज ५-० ने पुढे होते. पाचव्या इनिंगमध्ये पहिला हिट, मग यांकीजचा फील्डर जज याच्या हातून सोपा झेल सुटला, मग व्होल्पीचा तिसऱ्या बेसकडचा थ्रो चुकला. बेस भरले, आउट शून्य. कोलने लक्स आणि ओहतानी दोघांना स्ट्राइकआउट केलं. मग बेट्सचा साधा ग्राउंडबॉल पहिल्या बेसच्या रिझोकडे गेला. कोल पहिल्या बेसवर धावलाच नाही, रिझो एकटा पोचू शकला नाही, बेट्स सेफ आणि पहिली धाव आली. पुढे फ्रीमन आणि तेओस्कार हर्नांडेझने दोन-दोन धावा काढल्या आणि ५-५.

अधिकृत स्कोअरर ती इनिंग चुका वगळून मनात पुन्हा मांडतो. जजचा झेल आणि व्होल्पीचा थ्रो धरले तर बेट्स बॅटिंगला यायच्या आतच तीन आउट झाले असते. म्हणून नंतरचं सगळं अनअर्न्ड. आणि बेस कव्हर न करणं ही 'एरर' नाहीच. नियमांत डोक्याची चूक एरर धरत नाहीत. बेट्सच्या नावे चक्क हिट लागला. कोलच्या खात्यावर त्या मॅचचं ईआरए (नऊ इनिंगमागे अर्न्ड रन) ०.००. पिचिंग म्हणून ते रास्तही आहे, बेस भरलेले असताना दोन स्ट्राइकआउट काढणं ही खायची गोष्ट नव्हे. फील्डर म्हणून मात्र त्यानेच दार उघडलं, आणि तो दोष कुठल्याही रकान्यात दिसत नाही.

स्नेलच्या आकड्यात याच्या उलट गंमत. तो बाहेर गेला तेव्हा पहिल्या बेसवर डॉजर्सचा ऑस्टिन बार्न्स होता. बेट्सच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) तो तिसऱ्यावर गेला आणि अँडरसनच्या वाइल्ड पिचवर (कॅचरला न सापडलेल्या चेंडूवर) घरी आला. धाव स्नेलच्या नावावर! बेसवर मागे सोडलेला रनर नेहमी जुन्या पिचरच्या खात्यात. त्यामुळे रिलीव्हरचं ईआरए एकटं कधीच वाचू नका, त्याला मिळालेल्या रनरपैकी किती घरी आले तोही आकडा बघा.

पिचरचं स्वतःचं काम वेगळं काढायचं असेल तर एफआयपी (फील्डिंग वगळून पिचरचा आकडा) हाताने काढता येतो:

(१३ × होमरन + ३ × (वॉक + अंगावर लागलेले) − २ × स्ट्राइकआउट) ÷ इनिंग + ३.१०

शेवटचा ३.१० दरवर्षी थोडा हलतो, पण अंदाजाला पुरतो. समजा ६० इनिंग, ३० अर्न्ड रन, ६ होमरन, वॉक आणि लागलेले मिळून २०, स्ट्राइकआउट ७०. ईआरए निघतं ३० × ९ ÷ ६० = ४.५०. एफआयपी: ७८ + ६० − १४० = −२, भागिले ६०, म्हणजे जवळजवळ शून्य, अधिक ३.१० = ३.०७. एवढी तफावत असेल तर फील्डिंग ढिली आहे, नशीब वाईट आहे, किंवा रनर असतानाच त्याचा हात बिघडतो. या तिसऱ्या शक्यतेसाठी बेस रिकामे असतानाचे आणि भरलेले असतानाचे आकडे वेगळे मांडा. दहा-बारा इनिंगच्या जोरावर मात्र यातलं काहीच ठरवू नका.

रामबागेतला_लेफ्टी

स्नेलसाठी करून बघितलं. होमरन ०, वॉक ०, स्ट्राइकआउट ९, इनिंग ५.१. −१८ ÷ ५.१ + ३.१० = −०.४३. उणे येऊ शकतं का?

स्कोअरवही_लोकमान्यनगर

येऊ शकतं, एका मॅचच्या एफआयपीला तसा अर्थ नसतो. पण भागाकार चुकला. स्कोअरकार्डातलं ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि एक आउट. ते ५.३३ धरायचं, ५.२ असेल तर ५.६७. मग −१८ ÷ ५.३३ + ३.१० = −०.२८. पूर्ण सीझनच्या बेरजेत ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण एक्सेल ५.१ आणि ५.२ सरळ मिळवून १०.३ देतं, आणि खरं उत्तर ११ असतं. आधी सगळ्याचे आउट करा (१६ + १७ = ३३), मग तीनने भागा.

रामबागेतला_लेफ्टी

ठीक. आता खाली उतरून एक व्यवहाराचा प्रश्न. इथे १५-१६ वयाच्या मुलांची शनिवार-रविवारची स्पर्धा आहे, बेसबॉलच, सॉफ्टबॉल नाही. सात इनिंगच्या तीन मॅच, शनिवारी दोन आणि रविवारी एक. टीमकडे दोनच 'खरे' पिचर आहेत. दोघांत भागेल?

पलासिया_बुलपेन

नाही भागणार, आणि भागवूही नका. एमएलबीच्या (अमेरिकन बेसबॉल लीगच्या) पिच स्मार्ट या मार्गदर्शक नियमांत १५-१६ वयासाठी दिवसाची कमाल ९५ पिच आहे. विश्रांती अशी: ३० पर्यंत टाकले तर विश्रांती नाही लागत, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ पासून पुढे चार दिवस. इनिंगला पंधरा पिच धरले तर सात इनिंगला १०५, तीन मॅचला ३१५. दोघांनी शनिवारी ९५-९५ टाकले तरी शनिवारचेच वीस उरतात, आणि रविवारी दोघेही बाद.

चार जण लागतील. शनिवार पहिली मॅच: अ ८०, क २५. दुसरी मॅच: ब ८०, ड २५. रविवारी क ६० आणि ड ४५. क आणि ड 'खरे' नसले तरी चालतील, फक्त स्ट्राइक टाकणारे हवेत. शॉर्टस्टॉप किंवा सेंटरफील्डला ज्याचा थ्रो सरळ जातो तो पोरगा घ्या. कॅचरला घेऊ नका, आणि पिचिंग झालेल्याला त्या दिवशी कॅचर करू नका. कॅचरही दर चेंडूला परत फेकत असतो, कोपराला ते वेगळं कळत नाही.

मोजायला एक माणूस फक्त काउंटर घेऊन बसवा. स्कोअररवर टाकलंत तर गडबड होते, फाउल मोजायचे राहतात. आकडा पूर्ण व्हायच्या आधीही बाहेर काढायची खूण असते: चेंडू एकामागून एक वर आणि हाताच्या बाजूला जायला लागले, कोपर खांद्याखाली उतरलं, दोन पिचमध्ये पोरगा हात झटकायला लागला, की मग ४० झालेले असोत की ७०.

आणि क, ड ला शनिवारी ३० पर्यंत ताणू नका. एका बॅटरला पाच-सहा पिच सहज जातात. २५ च्या पुढे नवा बॅटर आला की बदला. ३१ वा पडला तर रविवारी तो बाकावर, आणि तुमच्याकडे पाचवा पिचर नाही.