नर्सेस खरंच कमी आहेत का?

आई आठवडाभर परळच्या एका हॉस्पिटलात होती, रात्री चाळीसेक पेशंटना दोनच सिस्टर, सलाईन संपलं तरी कोणी यायला अर्धा तास, त्या बिचाऱ्या धावतच होत्या. माझी चुलतबहीण मात्र जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून कॉन्ट्रॅक्टवर तुटपुंज्या पगारात राबतेय. मग कमी कुठे आहेत?

सायनकर:
मी स्टाफ नर्स आहे ताई. २०२२ अखेर देशात नोंदणी ३३ लाखांवर होती, एएनएम (सहायक नर्स) धरून, सरकारी हिशोबाने हजार लोकांमागे १.९६ नर्सेस, आणि निकष ३ चा. त्यातही रजिस्टरवरच्या कितीतरी जणी रिटायर, परदेशात नाहीतर घरी. जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी असं नर्सिंग कौन्सिल सांगतं, पण मंजूर पदंच भरत नाहीत हो.

डोंबिवली_लोकल:
कॉलेजंही दक्षिणेकडे जास्त. २०२३ मध्ये केंद्राने १५७ नवीन मंजूर केली, बरं झालं, पण शिकून मुली गल्फला आणि इंग्लंडला जाणार, गडचिरोलीला कोण जाणार? तिथे क्वार्टर्स द्या, परमनंट करा, मग बघा.

सायनकर:
अगदी. बहिणीला भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांगा.