मदत हवी आहे: एसएएस (सर्व्हरमध्ये डिस्क जोडायची पद्धत) डिस्क नेमकी पेटीच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे कसं ओळखायचं?

डेबियन 12 (लिनक्स), एक एसएएस कार्ड, एक्स्पांडरमागे (एका कार्डाला अनेक डिस्क जोडणारी चिप) 12 डिस्क. कर्नल डिस्क सापडतील तशी एसडीए, एसडीबी अशी नावं देतो आणि हा शोध समांतर चालतो, त्यामुळे रीबूटनंतर एसडीसीची एसडीएफ होते. एफएसटॅबमध्ये (डिस्क माउंट करायची यादी) यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टीमचे ओळखक्रमांक, आहेत, तिथे अडचण नाही. कोऱ्या डिस्कला यूयूआयडी नसतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कचे कारखान्यातलेच कायमचे क्रमांक) घेतले. ते बदलत नाहीत, पण कप्पा सांगत नाहीत. रेड 5 मधली (एकच डिस्क गेलेली सोसणारा डिस्कचा गट, म्हणजे ॲरे) एक डिस्क गेलेली असताना चुकून चांगली डिस्क ओढली तर सगळा ॲरे बंद पडेल, म्हणून अंदाजावर हात घालायचा नाही.

एसईएस (पेटीतल्या कप्प्यांची माहिती देणारी पद्धत) मॉड्यूल लोड आहे, सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइली) कप्पे दिसतात, पण त्यांना डिस्कचा दुवा नाही. एक्स्पांडर एसईएसचं पान 10 (कोणत्या कप्प्यात कोणती डिस्क हे सांगणारी माहिती) देत नसेल का? एसजी-एसईएस या कमांडने ते कसं तपासायचं? ते नसेलच, तर बाय-पाथमधल्या (डिस्क कुठून जोडली आहे त्यावरून दिलेली नावं) फाय क्रमांकावरून, म्हणजे एक्स्पांडरच्या पोर्टच्या क्रमांकावरून, यूडेव्हचा (डिस्कना नावं देणारी लिनक्सची व्यवस्था) नियम लिहिणं भरवशाचं आहे का? कुणी केलं असेल तर नियमच टाका.