सल्ला हवा: 'अ मॅन एस्केप्ड' आधी पाहावा की 'ल त्रू'?

कवडसा: तुरुंगातून पळण्यावरचे हे दोन फ्रेंच कृष्णधवल चित्रपट यादीत आहेत. पाठलाग, गोळीबार नसला तरी चालेल, पण पळण्याची तयारी बारकाईने दाखवलेली हवी. आधी कोणता बघू? शेवट फोडू नका, प्लीज.

पटाशी: आधी ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६). याचा शेवट नावातच आहे, त्यामुळे सगळं लक्ष 'कसं' याकडे लागतं. नायक कैदी फोंतेनच्या कोठडीचं दार ओकच्या फळ्यांचं, पण फळ्या जोडणारं लाकूड मऊ. चमच्याचा दांडा फरशीवर घासून त्याची पटाशी करायची, तेवढंच मऊ लाकूड कोरायचं, पडलेला भुसा टिपून घ्यायचा. दोर पलंगाच्या जाळीची तार आणि कापडाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेला. आकडे दिव्याच्या चौकटीचे. हे आकडे कशासाठी, ते नीट बघा: ओर्सिनी हा दुसरा कैदी आधी पळायला जातो आणि फसतो, आणि त्याच्याकडूनच फोंतेनला कळतं की नुसत्या दोरावर भिंत पार होत नाही. एकाचं फसणं दुसऱ्याचं अवजार होतं. माझ्या मते चित्रपटाचा कणा तोच.

तळघर: क्रमाला +१. पण तयारीच बघायची असेल तर 'ल त्रू' (१९६०) तसूभर सरसच. कोठडीची जमीन फोडतानाचा कॅमेरा बघा! कट नाही, काही मिनिटं फक्त घाव आणि काँक्रीट. हात बदलतात, माणसं दमतात, भोक जेमतेम मोठं होतं. दात घासायच्या ब्रशला आरशाचा तुकडा लावून दाराच्या भोकातून बाहेर बघायचं. भुयारात वेळ कळत नाही आणि पहारेकऱ्याच्या फेरीआधी परत यावं लागतं, म्हणून औषधाच्या बाटल्यांचं वाळूचं घड्याळ. खाली गेलेल्यांच्या जागी अंथरुणात पुतळे, पांघरुणाखाली दोरीने हलवलेले.

कवडसा: दोन्ही खऱ्या घटनांवर आहेत ना? युद्धकाळातल्याच?

पटाशी: खऱ्या दोन्ही, युद्धकाळातली एकच. ब्रेसाँने आंद्रे देव्हिन्यी या पळालेल्या कैद्याच्या आठवणी घेतल्या: लियाँचा माँल्युक तुरुंग, १९४३, जर्मनांचा ताबा. 'ल त्रू'चा दिग्दर्शक बेकेर, त्याची गोष्ट पॅरिसच्या ला सांते तुरुंगातली, १९४७ची, कैदी साधे गुन्हेगार. त्यात रोलांचं काम करणारा जाँ केरोदी त्या मूळ प्रयत्नात स्वतः होता. अवजार हातात धरण्याची त्याची पद्धत बघा, ती अभिनयाने येत नाही.

सांधा: खरी तुलना कोठडीत येणाऱ्या परक्या माणसावरून करा. ब्रेसाँकडे एकट्या फोंतेनच्या कोठडीत ऐन वेळी पोरगा आणून टाकतात: त्याला सोबत घ्यायचं की मारायचं? बेकेरकडे चौघांचं आधीच ठरलेलं असतं, पाचवा येतो आणि त्याला सगळं सांगावंच लागतं. दोन्ही चित्रपट याच सांध्यावर उभे आहेत. म्हणून 'ल त्रू'चा सारांश अजिबात वाचू नका.

तळघर: आणि हेडफोन लावा. ब्रेसाँकडे मोत्झार्टचा 'मास' (चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत) मोजक्या जागी येतो, बाकी किल्ली कठड्यावर आपटते, आगगाडी जाते. छपरावर खडी आहे, म्हणून गाडीचा आवाज आला की मगच पाऊल. 'ल त्रू'मध्ये शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत संगीतच नाही. त्यामुळे डब केलेली प्रत टाळा, सबटायटल्सवरच बघा.

कवडसा: ठरलं, आज ब्रेसाँ, उद्या 'ल त्रू'. सारांश वाचत नाही. आभार!