कर्ज जीडीपीच्या किती टक्के झालं की देश बुडतो? (श्रीलंकेच्या निमित्ताने)

निफाडकर (धागाकर्ता)

श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जाची फेड थांबवली, तेव्हा तिथलं सरकारी कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास होतं. जपानचं दोनशेच्या वर आहे, तरी त्यांना कर्ज द्यायला लोक रांगेत उभे. मग हा टक्का बघून उपयोग काय?

कांदा, मिरची, द्राक्षं असा माल उधारीवर बाहेर पाठवणाऱ्याने समोरच्या देशाचे नेमके कोणते आकडे बघायचे? ते कुठे मिळतात, आणि किती आधी कळतं? शिवाय 'चीनने बुडवलं' असं जो तो सांगतो, त्यात तथ्य किती? कृपया आकड्यांसकट लिहा. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे आम्हाला ठाऊक आहे.

---

आकडेमोड

तो टक्का अगदीच टाकाऊ नाही, पण एकटा काही सांगत नाही. आधी तो वाढतो कसा ते बघू.

कर्ज १००, जीडीपी १००. सरासरी व्याज १० टक्के आणि महागाई धरून जीडीपीची वाढ ८ टक्के. वर्षाअखेरी कर्ज ११०, जीडीपी १०८, म्हणजे प्रमाण १०१.८५. सरकारने व्याज सोडून बाकीचा खर्च करांतून तंतोतंत भागवला तरी १.८५ टक्क्यांनी चढलंच. ते जागच्या जागी ठेवायचं तर व्याजापूर्वीची शिल्लक जीडीपीच्या १.८५ टक्के हवी. त्या शिलकेला प्राथमिक आधिक्य म्हणतात. वाढ १२ टक्के धरली तर हेच प्रमाण ९८.२ वर उतरतं. वेगाने वाढणाऱ्या देशाला जास्त कर्ज पचतं ते यामुळे.

आता यात चलन घाला, म्हणजे जपानचं कोडं सुटेल. १०० पैकी ५० कर्ज डॉलरमध्ये आहे असं धरा. श्रीलंकेचा रुपया मार्च २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला २०० च्या जरा वर होता, मे महिन्यात ३६० च्या घरात गेला. ५० चे ९० झाले. एकूण कर्ज १४०, आणि सरकारने एक रुपया नव्याने घेतलेला नाही! (प्रत्यक्षात प्रमाण एवढं चढलं नाही, कारण महागाईने रुपयातला जीडीपीही फुगला. कोलंबोचा महागाई दर सप्टेंबर २०२२ मध्ये ६९.८ टक्के होता. त्यात देशी रोखेधारक आणि भविष्य निर्वाह निधीवाले भरडले गेले, पण तो वेगळा विषय.) जपानचं कर्ज येनमध्ये आहे, बहुतेक घरच्याच लोकांकडून घेतलेलं आहे, आणि जगाकडून जपानचंच येणं जास्त आहे.

माझ्या लेखी टक्क्यापेक्षा महत्त्वाचा आकडा एकच: सरकारच्या जमेतले शंभरातले किती रुपये नुसत्या व्याजात जातात. श्रीलंकेत २०२० आणि २०२१ मध्ये सत्तरहून जास्त जात होते. उरलेल्या तीसमध्ये पगार, पेन्शन, औषधं, खत, सगळं.

हा आकडा इतका बिघडला कसा? डिसेंबर २०१९ मध्ये व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. त्याहून घातक गोष्ट कमी बोलली जाते: व्हॅट नोंदणीची मर्यादा वार्षिक १ कोटी २० लाखांवरून थेट ३० कोटींवर नेली. दर कमी केला तर पुन्हा वाढवता येतो. नोंदणीतून सुटलेला व्यापारी परत आणायला वर्षं लागतात, कारण त्याची बिलं, खाती, साखळीच तुटलेली असते. कर उत्पन्न २०१९ मध्ये जीडीपीच्या ११.६ टक्के होतं, २०२० मध्ये ८.१ झालं. वर कोविड. व्हॅट पुढे १२, १५ करत जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्के करावा लागला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.

---

बंदरकाठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण निर्यातदाराला जीडीपीपेक्षा गल्ला बघायला हवा. व्याज रुपयात असेल तर मध्यवर्ती बँक नोटा छापून वेळ मारून नेते. डॉलर छापता येत नाहीत.

गंगाजळी (परकीय चलनाचा साठा) किती यापेक्षा त्यातली वापरता येणारी किती, हे विचारा. मार्च २०२२ अखेर श्रीलंकेच्या कागदावर १.९ अब्ज डॉलर होते. त्यातले सुमारे दीड अब्ज म्हणजे चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेला चलन-अदलाबदलीचा करार. त्यातली अट अशी की श्रीलंकेकडे तीन महिन्यांच्या आयातीपुरती गंगाजळी असेल तरच ती रक्कम वापरता येईल. २०२१ ची आयात साडेवीस अब्जांच्या आसपास, म्हणजे महिन्याला १.७ आणि तीन महिन्यांना पाच अब्ज. ज्याच्याकडे पाच अब्ज आहेत त्याला या दीड अब्जाची गरज काय! पावसात न उघडणारी छत्री. पण गंगाजळीच्या बेरजेत मात्र ती ऐटीत बसलेली.

दुसरं, परतफेडीच्या तारखा. डॉलर रोख्यांवर मधल्या काळात फक्त व्याज जातं, मुद्दल शेवटी एकरकमी. १८ जानेवारी २०२२ ला ५० कोटी डॉलर फेडले, पुढचा १ अब्जाचा हप्ता २५ जुलैला होता. जानेवारीतली फेड अभिमानाने सांगितली गेली, आणि मार्चमध्ये डिझेलची जहाजं पैशांची वाट बघत समुद्रात उभी, पश्चिम प्रांतात कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकललेल्या. रोखेधारकाला आधी दिलं, घरातल्याला नंतर. तेव्हाच थांबून वाटाघाटी सुरू केल्या असत्या तर निदान ते ५० कोटी इंधनाला आणि औषधांना राहिले असते. शेवटी अडलं ते ७.८ कोटी डॉलरच्या व्याजावर. ते १८ एप्रिलला देय होतं, तीस दिवसांची सवलतीची मुदत मे महिन्यात संपली आणि देश अधिकृतपणे थकबाकीदार झाला.

तिसरी खूण सगळ्यात लवकर दिसते आणि तिला फारसं कोणी विचारत नाही: काळ्या बाजारातला दर. सरकारने डॉलर २०३ च्या आसपास बांधून ठेवला होता, बाहेर त्याहून बराच जास्त मिळत होता. आखातातला कामगार बँकेतून पैसे कशाला पाठवेल? तो 'उंडियल'कडे गेला, म्हणजे आपल्याकडच्या हवाल्याचाच भाऊ. बँकेतून येणारा परदेशी पगार २०२० मध्ये ७.१ अब्ज होता, २०२१ मध्ये ५.५ अब्जावर आला. पर्यटन आधीच झोपलेलं (२०१८ मध्ये ४.४ अब्ज, २०२१ मध्ये जेमतेम अर्धा अब्ज). रुपया वाचवायला बांधलेल्या दरानेच डॉलर पळवले.

कुठे बघायचं: त्या देशाची मध्यवर्ती बँक दर महिन्याला गंगाजळीचा तक्ता देते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने (आयएमएफ) ठरवलेल्या नमुन्यात दुसरा भाग पुढच्या बारा महिन्यांत ठरलेल्या परकीय चलनाच्या देण्यांचा असतो. लोक पहिली ओळ वाचतात आणि पान मिटतात. दुसरा भाग पहिल्याशी ताडून बघा. किती आधी कळतं म्हणाल, तर फिच या पतमापन संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्येच रेटिंग सीसीसीवर, म्हणजे बुडण्याचा धोका खरा मानणाऱ्या पायरीवर आणलं होतं. सतरा महिने मिळाले होते.

---

चष्मेवाला

चीनबद्दल. श्रीलंकेच्याच बाह्य साधनसंपत्ती विभागाच्या एप्रिल २०२१ च्या आकड्यांत परदेशी कर्जात बाजारातून उचललेलं ४७ टक्के, आशियाई विकास बँक १३, चीन १०, जपान १०, जागतिक बँक ९, भारत २. सरकारी कंपन्यांना दिलेलं चिनी कर्ज धरलं की चीनचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास जातो. लहान नाही. पण मानेवर बसले होते ते न्यूयॉर्क-लंडनचे रोखेधारक.

चिनी कर्जातून बांधलेल्या हंबनटोटा बंदराची गोष्टही लोक उलटी सांगतात. पहिल्या टप्प्याचं ३०.७ कोटी डॉलरचं कर्ज ६.३ टक्क्यांनी होतं, हे महागच. पण २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं त्याचे १.१२ अब्ज डॉलर गंगाजळीत आले आणि इतर देणी भागवायला उपयोगी पडले. बंदराचं कर्ज माफ झालं नाही, ते सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. 'कर्जापोटी बंदर जप्त' हे वाक्य ऐकायला छान आहे, घडलं ते वेगळं.

खरा दोष व्यापाराचा. २००० साली वस्तूंची निर्यात जीडीपीच्या एक तृतीयांश होती, २०२० मध्ये ती १२ टक्क्यांवर होती. कपडे आणि चहा, त्यापुढे यादी सरकतच नाही. देश मध्यम उत्पन्नाचा झाल्यावर स्वस्त, लांब मुदतीची कर्जं आटली, २००७ मध्ये ५० कोटींचा पहिला डॉलर रोखा ८.२५ टक्क्यांनी निघाला आणि मग चटक लागली. फेड थांबली तेव्हा असे रोखे साडेबारा अब्जांचे होते. रस्ते चांगले झाले यात वाद नाही, पण कर्ज डॉलरचं आणि टोल रुपयाचा, त्याचं करायचं काय? 'कर्ज काढून विकास' याला माझा विरोध नाही. त्या विकासातून निर्यात व्हायला हवी किंवा आयात वाचायला हवी, एवढंच.

---

निफाडकर

मंडळी, आभार. दोन शंका. एक, खरेदीदार चोख असेल, त्याच्या बँकेची एलसी (पैसे देण्याची लेखी हमी) असेल, तरी पैसे अडकतात ते कसे? दोन, महाराष्ट्राचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलं. मग 'आपली श्रीलंका होणार' हे कितपत खरं?

---

बंदरकाठ

पहिल्याचं सांगतो. जोखमी दोन वेगळ्या असतात. खरेदीदार किंवा त्याची बँक बुडणं ही एक. दुसरीत खरेदीदार आपल्या बँकेत स्थानिक रुपये वेळेवर भरतो, कागदपत्रं चोख असतात, बँक देणं मान्यही करते, पण बाजारात डॉलरच नसतात. कोलंबोच्या बँकेने काढलेली साधी एलसी दुसऱ्या जोखमीला काडीचा उपयोग नाही, कारण देणारा त्याच आटलेल्या विहिरीवर उभा आहे.

त्यामुळे:

एलसी 'कन्फर्म्ड' हवी, म्हणजे दुसऱ्या बँकेनेही तिची हमी घेतलेली, आणि कन्फर्म करणारी बँक त्या देशाबाहेरची हवी. कन्फर्मेशनचा दर विचारून ठेवा. तो दोन-तीन महिन्यांत दुप्पट झाला किंवा बँकेने सरळ नकार दिला, तर तोच तुमचा सगळ्यात खरा रेटिंग अहवाल.

ईसीजीसीचं (निर्यातदारांच्या उधारीचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी) संरक्षण घेताना देश जोखमीच्या कोणत्या वर्गात आहे ते माल भरायच्या आधी बघा, आणि पॉलिसीत देशाची जोखीम धरली आहे ना ते वाचा. भरपाई शंभर टक्के नसते, उरलेला वाटा तुमचाच, तो भावात धरा. आणि थकबाकी ठरलेल्या मुदतीत कळवली नाही तर दावा अडतो. अनेक दावे तिथेच लटकतात.

नाशवंत मालाला 'माल ताब्यात घ्या, नव्वद दिवसांनी पैसे द्या' ही अट अशा देशात नकोच. चाळीस फुटी रीफरमध्ये (थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये) २८-२९ टन कांदा बसतो. बंदरात अडकला तर वीज, डेमरेज (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार), वजनातली घट हे मीटर रोज चालू, आणि परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त. थोडी आगाऊ रक्कम आणि उरलेली कागदपत्रांच्या बदल्यात, एवढ्यावर समोरचा येत नसेल तर गिऱ्हाईक सोडा. एकाच खरेदीदाराचे चार कंटेनर एकाच वेळी पाण्यावर ठेवू नका. आधीचे पैसे आले की पुढचा निघेल.

चलनाची वाटही माहीत असू द्या. दक्षिण आशियातले व्यवहार आशियाई क्लिअरिंग युनियन या मध्यवर्ती बँकांच्या सामाईक हिशेब-व्यवस्थेतून दर दोन महिन्यांनी मिटवले जातात. श्रीलंकेची तिथली देणीच भारताने पुढे ढकलून दिली होती. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने श्रीलंकेशी व्यवहार या व्यवस्थेबाहेर करायची मुभा दिली. त्याच महिन्यात रुपयात विदेशी व्यापार मिटवायची वोस्ट्रो खात्यांची (परदेशी बँकेने भारतीय बँकेत उघडलेली रुपयातली खाती) व्यवस्था आली. भारताने जीवनावश्यक मालासाठी १ अब्ज डॉलरची कर्जमर्यादाही दिली होती. अशा मर्यादेत बसणारा माल असेल तर पैसे भारतातल्या बँकेतून मिळतात, तिथल्या डॉलरची वाट बघावी लागत नाही. म्हणून संकटाच्या काळात आपला माल त्या यादीत आहे का, हे आधी विचारावं.

---

आकडेमोड

दुसऱ्या शंकेबद्दल. घटनेच्या कलम २९३ नुसार राज्याला भारतातच कर्ज काढता येतं. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावात विकते, ते रुपयातले असतात. महाराष्ट्राचं कर्ज राज्याच्या जीडीपीच्या १८-१९ टक्के, आणि महसुली जमेतले ११-१२ टक्के व्याजात जातात. श्रीलंकेचे सत्तर होते. तेव्हा ती तुलना चुकते. म्हणजे सगळं आलबेल आहे असंही नाही: २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूटच ४५ हजार कोटींच्या वर दाखवली आहे, म्हणजे कर्जाचा तेवढा भाग रोजच्या खर्चात जातो, धरणात-रस्त्यात नाही. राज्याची अडचण आली तर डॉलर संपल्याची नसेल. ठेकेदारांची बिलं वर्षभर थकतील, अनुदानं रखडतील, भरती पुढे जाईल.

श्रीलंकेची तुलना करायचीच तर १९९१ च्या भारताशी करा. तेव्हा गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि मुंबईतून सोनं विमानाने बाहेर गेलं होतं.

एक राहिलं. नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये श्रीलंकेला ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम दिला तेव्हा लक्ष्य एकच ठेवलं नाही. २०३२ पर्यंत कर्ज जीडीपीच्या ९५ टक्क्यांखाली हवं, २०२७ ते २०३२ या काळात सरकारची वार्षिक एकूण उचल सरासरी जीडीपीच्या १३ टक्क्यांखाली हवी, आणि याच काळात परकीय चलनातली फेड कुठल्याही वर्षी जीडीपीच्या साडेचार टक्क्यांवर जाता कामा नये. निफाडकर, तुम्हाला कोलंबोचा व्यापार चालू ठेवायचा असेल तर यातला तिसरा आकडा दरवर्षी बघत चला. पहिला २०३२ चा आहे, तुमचा कंटेनर पुढच्या आठवड्यात सुटतोय.