घराच्या विम्याचा हप्ता दुप्पट झाला, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मदत हवी आहे

फैजपूरचा_दादा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. घराच्या विम्याचा हप्ता मागच्या वर्षी ३,१०० होता, यंदा ६,२०० आला. त्यासोबत कर्जाचा महिन्याचा हप्ताही वाढला, आणि कर्ज तर स्थिर व्याजाचं आहे! आजवर एका पैशाचा क्लेम केलेला नाही. वर कंपनी म्हणते छत बदला, नाहीतर पुढच्या वर्षी विमा मिळणार नाही. छत गळत नाही, एक कौल हललेलं नाही. वादळात नुकसान झालं दुसऱ्यांचं, भुर्दंड आम्हाला का? हप्ता भरावा, कंपनी बदलावी की छत? जाणकारांनी लवकर सांगा.

केळीबाग_रावेर
दादा, वादळ म्हणजे जूनमधलंच ना? आमची निसवलेली बाग अर्ध्या तासात आडवी झाली होती. घड कापणीला आलेले. विम्याचं विचाराल तर आधी तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर वाऱ्याची नोंद किती झाली ते काढा. पैसे त्या नोंदीवर मिळतात, तुमच्या बांधावर काय झालं त्यावर नाही. गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर मात्र ७२ तासांत कळवावं लागतं, हे विसरू नका.

तापीकाठ
ते बागेचं विचारत नाहीयेत, घराचं विचारतायत. दादा, ६,२०० जास्तच वाटतात. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, वादळ, पूर, भूकंप सगळं त्यात येतं. एजंटाने भलतंच काही गळ्यात मारलेलं दिसतंय.

अमळनेरकर
भाऊ, घर कोठे शे ते त सांग पहिले. कौलाचं घर आणि कर्ज, काही ताळमेळ लागत नाही.

फैजपूरचा_दादा
घर टँपाजवळ आहे, फ्लोरिडात. धाकट्या भावाचं. आकडे डॉलरमधले. लिहायचं राहिलं, माफ करा. भावाने छतासाठी २१,००० डॉलरचं कोटेशन काढलंय. इथल्या जमिनीच्या व्यवहारातला त्याचा वाटा माझ्याकडे आहे, त्यातून पाठवू का असं विचारतोय. नाना म्हणतात, घर पक्कं आहे तर एवढे पैसे छताला कशाला? त्यांना काय सांगायचं ते मला कळत नाही. भावावर अविश्वास नाही, पण मला स्वतःला समजल्याशिवाय नानांना समजावता येणार नाही.

विमावाला_धुळे
२२ वर्षं या धंद्यात आहे. क्लेम केल्याशिवाय हप्ता दुप्पट होत नाही. भावाने काहीतरी क्लेम केला असेल आणि घरी सांगितलं नसेल.

भुसावळची_लेक
धुळेकर दादा, तुमचा अनुभव मोटार विम्याचा असावा. मी जॅक्सनव्हिलला १४ वर्षं राहते, तीन घरांचे विमे काढलेत. इथे एकही क्लेम नसताना हप्ता वाढतो, आणि तोही सगळ्या गल्लीचा.

१९९२ साली ॲण्ड्र्यू वादळाने मयामीच्या दक्षिणेची वस्ती सपाट केली आणि दावे देता देता डझनभर विमा कंपन्या बुडाल्या. तेव्हापासून मोठ्या कंपन्या इथे हात राखून आहेत. उरल्या त्या बऱ्याचशा लहान कंपन्या, त्या स्वतः दुसऱ्या मोठ्या कंपन्यांकडे आपला विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळ आलं, त्यानंतर तो पुनर्विमा महागला आणि ते ओझं आमच्या हप्त्यात उतरलं. मग २०२४ मध्ये दोन आठवड्यांत हेलीन आणि मिल्टन. त्यात इथे खटलेही फार चालायचे, त्याचा खर्चही हप्त्यातच यायचा. २०२२ च्या डिसेंबरात कायदा बदलला, पण परिणाम हळूहळू दिसतोय.

कर्जाचा हप्ता वाढण्याचं कारण सोपं आहे. बँक दर महिन्याला कर आणि विम्याचे पैसे आपल्याकडून आगाऊ घेऊन बाजूला ठेवते आणि वेळ आली की भरते. विमा वाढला की तो भाग वाढतो. व्याज तेवढंच राहतं.

आता मला हे सांगा: घर कुठल्या साली बांधलं? छत तेव्हाचंच का? पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'हरिकेन डिडक्टिबल' (वादळाच्या नुकसानीतला आधी आपण सोसायचा भाग) किती टक्के आहे? पुराचा वेगळा विमा आहे का? वाऱ्याविषयीची तपासणी कधी केलीय का?

फैजपूरचा_दादा
घर २००६ चं, छतही तेव्हाचंच. बाकी भावाला विचारतो. पुराचा वेगळा कशाला? घराच्या विम्यात पूर नसतो?

भुसावळची_लेक
इथे नसतो! हेच लोकांना नुकसान झाल्यावर कळतं. वाऱ्याने छत उडून पाऊस आत आला तर घरविमा. समुद्र किंवा नाल्याचं पाणी जमिनीवरून दारातून आलं तर तो पूर, त्याला वेगळी पॉलिसी. सरकारी पूरविमा १९६८ पासून आहे, घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. आणि काढल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होतो. हेलीनमध्ये टँपाच्या खाडीकाठी घरात पाणी शिरलं, आणि कित्येकांकडे फक्त घरविमा होता.

चोपडा_ते_शिकागो
माझं ऐका, एवढ्या कटकटीपेक्षा विमा बंदच करून टाकायचा. दर वर्षी ते पैसे बाजूला टाका, दहा वर्षांत नवीन छत होतं.

भुसावळची_लेक
कर्ज असताना असा सल्ला देऊ नका हो. विमा बंद पडला की बँक स्वतः विमा काढते आणि वसुली आपल्याकडून करते. तो महाग असतो आणि घरातल्या सामानाला त्याचा काही उपयोग नसतो.

चोपडा_ते_शिकागो
मग सिटिझन्स विमा कंपनीकडे जा. सरकारी आहे, स्वस्त आहे. माझा मेहुणा तिथेच आहे.

भुसावळची_लेक
सिटिझन्स २००२ साली अशाच लोकांसाठी काढली ज्यांना दुसरीकडे विमा मिळत नाही. खासगी कंपनीचा हप्ता सिटिझन्सच्या हप्त्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंतच जास्त असेल तर सिटिझन्स घेत नाही. वर त्यांच्याकडे पूरविमाही सक्तीचा होत चाललाय, २०२७ पर्यंत जवळपास सगळ्यांना. मेहुण्यांना झाला तो फायदा प्रत्येकाला होईल असं नाही.

विमावाला_धुळे
म्हणजे क्लेमचा काहीच संबंध नाही असं म्हणणंही चूक आहे. क्लेम असेल तर आणखी वाढतो.

भुसावळची_लेक
ते मान्य.

यावलचा_पत्रेवाला
विम्याचं मला कळत नाही, पण २० वर्षं पत्र्याची शेडं करतोय म्हणून बोलतो. वारा छताला वरून दाबत नाही, खालून उचलतो. आपल्याकडे लोक पत्र्यावर दगड ठेवतात. वादळात पत्रा जातोच आणि दगडही कुणाच्या अंगावर येतो. पत्रा धरतो तो जे-हूक, आणि हूक ज्या पाइपाला आहे तो पाइप भिंतीत किती धरलाय ते. दादा, भावाला विचारा, छत भिंतीला कशाने बांधलंय? नुसते तिरके खिळे की लोखंडी पट्टी? वरची कौलं नवीन घालून खाली पकड नसेल तर पैसे वाऱ्यावर गेले.

भुसावळची_लेक
यावलकर दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. इथल्या वाऱ्याच्या तपासणीच्या कागदावर हाच प्रश्न असतो: तिरके खिळे, क्लिप, की वाशावरून वळवलेली पट्टी. शिवाय छताचा आकार (चारही बाजूंनी उतरतं छत वाऱ्याला बरं) आणि खिडक्यांना शटर किंवा जाड काच आहे का. ज्याची पकड चांगली त्याला सवलत द्यावीच लागते, कायदाच आहे. एकदा केलेली तपासणी पाच वर्षांपर्यंत चालते. २००२ ची बांधकाम संहिता लागू झाल्यानंतरचं घर आहे म्हणजे आत पट्ट्या असण्याची शक्यता बरीच.

दादा, छत बदलायच्या आधी एक गोष्ट करा. २०२२ च्या कायद्याप्रमाणे छताला १५ वर्षं उलटली तरी घरमालकाला तपासणी करून घेण्याचा हक्क आहे. अधिकृत तपासनीसाने 'अजून पाच वर्षं तरी टिकेल' असं लिहून दिलं, तर कंपनी नुसत्या वयाचं कारण सांगून विमा नाकारू शकत नाही. आधी हा कागद, मग २१,००० चा विचार. आणि कंपनी बदलायची तर वादळ दूर असतानाच. समुद्रात वादळाचा इशारा लागला की कोणीही नवीन पॉलिसी देत नाही.

अमळनेरकर
पैसे पाठवायचेच झाले तर बँकेत आणि सीएकडे आधी विचारा. वाटा भावाचाच असेल तर तो त्याच्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं) जाऊ दे, तुमच्या नावावरून नको.

केळीबाग_रावेर
एक विचारू? तिथेही आपल्यासारखंच, बांधावर काय झालं त्यापेक्षा कागद मोठा?

भुसावळची_लेक
हो दादा. म्हणून कागद आधी करून ठेवायचा.

फैजपूरचा_दादा
काल रात्री भावाशी व्हिडिओवर बोललो. तो पोटमाळ्यात गुडघ्यांवर सरकत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला. सगळीकडे कापसासारखा गुलाबी थर, त्याखाली भिंतीच्या माथ्यावर वासे टेकलेले. त्याने फोनचा उजेड टाकला तेव्हा दिसलं: भिंतीतून एक गंज न लागलेली पट्टी वर येते, वाशावरून वळून पलीकडे उतरते. अलीकडे तीन खिळे, पलीकडे एक. मी सात वासे मोजायला लावले, सगळ्यांना पट्टी. नाना माझ्या खांद्यामागून बघत होते. म्हणाले, 'बांधणाऱ्याने काम चोख केलंय.'

वाऱ्याची तपासणी आजवर केलेलीच नव्हती. बुधवारी तपासनीस येतोय, छताच्या आयुष्याचंही तोच लिहून देणार. कंपनीला तसं कळवून नूतनीकरणाचा हप्ता भरतोय, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही. छताच्या पैशांचं कागद हातात आल्यावर. पुराचा विमा नाही, घर पुराच्या नकाशावर एक्स झोनमध्ये आहे म्हणून घेतला नव्हता म्हणाला.

भुसावळची_लेक
एक्स झोन म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे. तिथे पूरविमा सहसा स्वस्त पडतो, घ्याच. आणि त्या पट्ट्यांचे फोटो तपासनीसाला कागदावर जोडायला सांगा. डिडक्टिबल अजून सांगितलं नाहीत.

फैजपूरचा_दादा
दोन टक्के. पॉलिसीत घराची रक्कम ४,१०,००० आहे.

भुसावळची_लेक
म्हणजे वादळात नुकसान झालं तर पहिले ८,२०० डॉलर भावाच्या खिशातले. हप्त्याच्या दोन टक्के नव्हे, घराच्या रकमेच्या. एवढे पैसे हाताशी ठेवायला सांगा. हप्ता कमी करायला एजंट हेच पाच टक्क्यांवर नेऊ म्हणेल, तेव्हा हा हिशेब आठवा: २०,५०० होतील.

फैजपूरचा_दादा
हे त्याला आत्ताच पाठवतो. ४,१०,००० मध्ये जमिनीची किंमत धरलेली नाही ना?

भुसावळची_लेक
नाही, ते फक्त घर पुन्हा उभं करायचा खर्च. बुधवारनंतर इथे लिहा.