डावीकडे वळणे हाही खेळच आहे: नॅस्कारला नाके मुरडणाऱ्यांस उत्तर

शार्लटकर:
गेल्या आठवड्यात येथील एका सदस्याने फ्लोरिडातील डेटोनाची शर्यत जेमतेम अर्धा तास पाहून असा निर्वाळा दिला की, नॅस्कार (अमेरिकेतील 'स्टॉक कार' मोटारींच्या शर्यतींची मालिका) म्हणजे ४० मोटारी घेऊन तीन तास डावीकडे वळत राहण्याचा खेडवळ उरूस आहे आणि त्याला खेळ म्हणणे हा खेळाचाच अपमान आहे. मी दुर्लक्ष करणार होतो. परंतु त्या लेखाखाली जमलेली वाहवा पाहून राहवले नाही.

डेटोनाच्या वळणांचा उतार ३१ अंशांचा आहे. तेथे पायी चढायचे म्हटले तरी माणसाने हात टेकावेत. त्या उतारावर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, एकमेकींपासून वीतभर अंतर राखून मोटारी धावतात. पुढची मोटार हवा फोडते, मागची त्या पोकळीत शिरते आणि दोघी मिळून एकटीपेक्षा वेगाने पळतात. १९६० साली ज्युनिअर जॉन्सन या चालकाने इतरांहून मंद असलेल्या शेव्हरोलेतून याच आडोशाच्या युक्तीने डेटोना जिंकून दाखवली. आमच्या शार्लटची मे महिन्यातील शर्यत ६०० मैलांची, म्हणजे ९६५ किलोमीटरची असते. फॉर्म्युला वनची सुमारे ३०५ किलोमीटरला आटोपते. मोटारीच्या आत तापमान ५० अंशांवर जाते, आणि टायर झिजत असताना मोटार 'लूज' (मागून घसरणारी) झाली की 'टाइट' (वळायला अडून बसणारी), हे चालकाने अंगाने ओळखून पिटमधल्या, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावरच्या, माणसांना सांगायचे असते.

माझा खरा आक्षेप मात्र 'खेडवळ' या शब्दाला आहे. जॉन्सन वडिलांच्या दारूच्या बेकायदा भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात राहिला आणि १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली, हा इतिहास कोणी लपवत नाही. ज्यांना त्याची लाज वाटते त्यांना फॉर्म्युला वनच्या मोनॅको शर्यतीतील नौकांवरची शॅम्पेन मात्र संस्कृती वाटते.

मोनॅकोप्रेमी, पुणे:
तो लेख माझाच होता आणि मी त्यातील एकही शब्द मागे घेत नाही. 'स्टॉक कार' म्हणजे दुकानातून घेतलेली मोटार, असा या नावाचा अर्थ होता. १९४९ साली शार्लटच्या पहिल्याच शर्यतीत प्रथम आलेल्या ग्लेन डनवेला मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केला म्हणून बाद करून जिम रोपरला विजेता ठरवले, इतकी तेव्हा त्या अर्थाची चाड होती. आजच्या मोटारीत दुकानातले काय आहे? नाव आणि मुखवटा! उलट तंत्राच्या बाबतीत ही मंडळी २०११ पर्यंत कार्बोरेटर या इंधन आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या साधनाला कवटाळून बसली होती.

शिवाय माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीत आपल्यासारख्याच एका भक्ताच्या आग्रहाखातर मी रात्री दीड वाजता उठून डेटोना लावली. २० फेऱ्या झाल्या, पाऊस आला आणि शर्यत दुसऱ्या दिवसावर गेली. सकाळी कार्यालयात डुलक्या काढताना मी ठरवले की, पाण्याच्या चार थेंबांनी ज्याचे कंबरडे मोडते त्याला मी खेळ म्हणणार नाही.

शार्लटकर:
पावसाने थांबणारा खेळ हा खेळ नसेल, तर महाशय, क्रिकेटचे काय करायचे तेही सांगून टाका. राहिला मुद्दा आपल्या लाडक्या फॉर्म्युला वनचा: २०११ ते २०१३ ही तीन वर्षे ती नोएडाजवळ आली, तेव्हा उत्तर प्रदेश सरकारने करापुरते तिला मनोरंजनच ठरवले होते. तेव्हा आपण कोणता लेख लिहिला होता?

जी शर्यत सोडून आपण झोपलात, तिच्या शेवटच्या फेरीत चालक रायन न्यूमनची मोटार उलटली, दुसऱ्या मोटारीने तिला धडक दिली, आणि दोन दिवसांनी तो आपल्या दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. २००१ साली याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट गेला; त्यानंतर मान सावरणारे साधन सक्तीचे झाले, भिंतींना धक्का शोषणारे कठडे बसले, आणि मुख्य मालिकेच्या शर्यतीत त्यानंतर एकही चालक दगावलेला नाही. तंत्र म्हणतात ते याला.

हंट्सव्हिलकर:
आपण दोघे मोटारीच्या पोटात शिरून भांडत आहात, म्हणून मी प्रेक्षागाराकडे पाहायला सांगतो. २०१२ च्या ऑक्टोबरात साताऱ्याहून आलेल्या वडिलांना घेऊन मी अलाबामातील टॅलाडेगाच्या शर्यतीला गेलो. कुतूहलाने त्यांनी विचारले, "एवढ्या गाड्यांवर लावलेला हा लाल झेंडा कुठल्या चालकाचा रे?" तो गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा झेंडा आहे, हे मी त्यांना चारचौघांत मराठीतही सांगू शकलो नाही. आम्ही अर्ध्यातून निघालो. शेवटच्या फेरीत २५ मोटारी एकमेकींवर आदळल्या, ते परतीच्या वाटेवर रेडिओवर ऐकले. 'खेडवळ' शब्दाने आपला जीव दुखावतो, मग त्या झेंड्याने कोणाचा दुखावत असेल?

शार्लटकर:
झेंड्यावर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली. बंदीच्या आठ वर्षे आधीचे गाऱ्हाणे आजच्या खेळाच्या गळ्यात बांधणे न्याय्य नाही.

हंट्सव्हिलकर:
बंदी आली ती पहिल्या शर्यतीनंतर ७१ वर्षांनी! २०१५ मध्ये डेटोनाला काय केले, ते आठवा: तो झेंडा आणून द्या आणि बदल्यात अमेरिकेचा घेऊन जा. बोहारणीला जुने लुगडे देऊन पातेले घ्यावे, तसा हा व्यवहार होता.

कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉटचेही आठवा. १९६३ च्या १ डिसेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये त्याने शर्यत जिंकली, तरी विजयाचा मान गोऱ्या बक बेकरला दिला गेला. काही तासांनी चूक मान्य झाली, पण तोवर प्रेक्षकही गेले होते आणि करंडकही. १९९० साली स्कॉट वारला. त्याच्या कुटुंबाच्या हाती करंडक पडायला २०२१ साल उजाडावे लागले.

नियमवाचक:
विषय निघालाच आहे तर २०२० च्या जूनमध्ये टॅलाडेगाला कृष्णवर्णीय चालक बब्बा वॉलेसच्या गॅरेजात सापडलेल्या फासाचेही (कृष्णवर्णीयांना झुंडीने फाशी देण्याची ती खूण) सांगून टाका. तो दोर २०१९ च्या ऑक्टोबरपासून तेथेच होता, असे एफबीआयने स्पष्ट केले. सगळा देश उगाच डोक्यावर घेतला गेला, हे मान्य करण्याइतका प्रामाणिकपणा येथे कोणात आहे काय?

हंट्सव्हिलकर:
प्रामाणिकपणाची शिकवणी मला नको. दोर वॉलेससाठी बांधलेला नव्हता, हे मान्य. तो फासाच्याच आकाराचा होता, हेही तपासात मान्यच झाले. दाराचा दोर ओढायला तसली गाठ कोणाला सुचते, याचा विचार आपण निवांतपणे करावा.

शार्लटकर:
येथे मला हंट्सव्हिलकरांची बाजू घ्यावी लागत आहे, याचा मला आनंद नाही. मात्र फास सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी, शर्यतीआधी, सगळ्या चालकांनी मिळून वॉलेसची मोटार ढकलत पुढे नेली आणि नॅस्कारचा जुना विजेता, ८२ वर्षांचा रिचर्ड पेटी त्याच्याजवळ उभा होता, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले. पुढच्या वर्षी वॉलेस टॅलाडेगालाच जिंकला, हेही.

ग्रीन्सबोरोची सुलभा:
पुरुषमंडळींचे डेटोना आणि टॅलाडेगा संपले असेल तर थोडे बोलते. हा खेळ ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर शनिवारी रात्री यावे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची धाव आहे. १९४९ पासून तेथे उन्हाळाभर शर्यती होतात. दिवसभर गॅरेज चालवणारा माणूस रात्री स्वतःच्या मोटारीत बसतो, आणि समोरच्याने ठोकर दिली तर पुढच्या शनिवारी हिशेब चुकता करतो. तेथे एका मेकॅनिकने माझ्या मुलाच्या हातात पाना देऊन चाकाचे नट आवळायला लावले. गेली दोन वर्षे तो मुलगा आमची मोटार दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही. भाषण न देता झालेली ओळख ती हीच. झेंड्याबद्दल हंट्सव्हिलकरांचे म्हणणे मला पटते, आणि तरीही मी दर उन्हाळ्यात जाते. हे दोन्ही एकत्र कसे बसते, हे मला विचारू नका.

मोनॅकोप्रेमी, पुणे:
पाव मैलाच्या धावेवर गॅरेजवाले शर्यत करतात, त्याला मी खेळ म्हणायला तयार आहे. माझा राग फेऱ्या मोजून मुद्दाम शर्यत थांबवणाऱ्या, त्यावर गुण वाटणाऱ्या आणि त्या फटीत जाहिराती कोंबणाऱ्यांवर आहे. आणखी एक कबुली, तीही नाइलाजाने: २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलला रॉस चॅस्टेनने शेवटच्या वळणावर मोटार भिंतीला घासत, वेग न सोडता पाच जण मागे टाकले, ते दृश्य मी किमान दहा वेळा पाहिले आहे. कलिंगडे पिकवणाऱ्या घरातल्या या माणसाने मला त्या दिवशी खेळ दाखवला, आणि पुढच्या हंगामाआधी आपल्या नॅस्कारने नेमकी त्याच चालीवर बंदी घातली. अभिनंदन.

हंट्सव्हिलकर:
सुलभाताई, वडील पुन्हा उन्हाळ्यात येणार आहेत. बोमन ग्रेला त्यांना घेऊन येईन. पण मी काही मागे घेतले, असा अर्थ शार्लटकरांनी काढू नये. घरचा डबा आत नेऊ देतात काय, तेवढे कळवावे.