पांढऱ्या नक्षीत दोन टाके निळे पडलेत, उसवू की भरून काढू?

नाशिकची काकू:
नातवासाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणतेय, छातीवर पांढऱ्या चांदण्यांची पट्टी. काल पुढचा भाग खांद्यापर्यंत आला. उन्हात धरून पाहिला, तर दुसऱ्या चांदणीच्या टोकाला दोन टाके पांढऱ्याऐवजी निळेच! वर ३८ ओळी झाल्यात. शिवाय काखेजवळ एक सुलट टाका उलट पडलाय. मोतिबिंदू काढल्यापासून रात्री विणत नाही, त्यामुळे उसवलं तर आठवडा गेलाच. दोन्ही चुका वरून भरून झाकता येतील का? धुण्यात टिकेल ना?

लोकरवेडी:
काकू, निळ्या टाक्यांसाठी मुळीच उसवू नका. त्याच पांढऱ्या लोकरीचा हातभर धागा आणि बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्या. टोकदार सुई लोकरीचा पीळ फोडते. सुलट बाजूने प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. त्याच्या बुडातून सुई पुढे काढा, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्या आणि पुन्हा त्याच बुडात घाला. धागा ओढू नका, निळा झाकला जाईल इतकाच बसवा. सुरुवातीची नि शेवटची टोकं मागच्या बाजूने पाच-सहा टाक्यांत फिरवून घेतलीत की धुण्यात सुटत नाहीत.

सुलट_उलट:
निळ्या टाक्यांचं पटलं. पण उलट पडलेला टाका भरून झाकू नका, तिथे गाठीसारखा उंचवटा राहतो. त्या चुकीच्या बरोबर वरचा एकच टाका सुईवरून खाली सोडून ती उभी रांग चुकीपर्यंत उतरवा आणि क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा पुढून ओढत पुन्हा वर चढवा. गळलेला टाकाही असाच उचलायचा. तो नुसता भरतकामाखाली दडवला तर आत उसवत जातो.

मीनाक्षी_ठाणे:
एक सांगते. चांदण्यांना बाह्यरेषा काढायचा मोह झाला तर साखळी टाका घाला, उलटी टीप नको. साखळी विणीबरोबर ताणते, टीप ताणत नाही. लहान मुलाच्या डोक्यातून स्वेटर घालताना हे फार जाणवतं.

नाशिकची काकू:
आज सकाळी खिडकीत बसून केलं. पहिला पांढरा टाका मी घट्ट ओढला, कडेने निळा डोकावत होता, म्हणून काढून पुन्हा घातला. आता उजेडात धरूनही सापडत नाही. काखेतली रांग मात्र क्रोशाने चढवताना मध्येच एक आडवा धागा सुटला होता, परत उतरवून घेतला. तुम्हा तिघींचे मनापासून आभार. आता बाह्या.